तुमच्या नाकाचं काम

आप्पा, आज अकरावीच्या वर्गात तुमची कंपनी फळ्यावर एका ओळीत मावली. प्रोपिलीन, पाणी, मग बाण आणि पुढे अल्कोहोल. मुलींनी ती मुकाट्याने उतरवून घेतली. बाणाच्या डोक्यावर मी ॲसिड लिहिलं आणि माझा हात तिथेच थांबला.

सिन्नरच्या वसाहतीतली ती कंपनी तशी छोटीच. प्रोपिलीनचा वायू जहाल गंधकाम्लात मुरवायचा, मग त्यात पाणी सोडायचं आणि तयार झालेलं अल्कोहोल उकळून वेगळं काढायचं. ड्रम भरण्याआधी तुम्ही चार थेंब तळहातावर चोळायचात आणि ते उडून गेले की हात हुंगायचात. मागे कुजकट वास राहिला तर बॅच परत. लॅब होती, पण साहेबांचा भरवसा तुमच्या नाकावर. तुम्हालाही त्याचा भारी तोरा होता. आमटीत हिंग जास्त पडलाय हे तुम्ही दारात चपला काढतानाच सांगायचात आणि आई वैतागायची.

मी नववीत असताना एका दुपारी शाळेतून येते, तर स्वयंपाकघरात गॅसचा वास कोंडलेला. शेगडीचं बटण कधीचं उघडं, आणि तुम्ही चहाचं भांडं ठेवून काडेपेटी शोधताय. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग शेगडीकडे, आणि तिथेच खाली बसलात.

"लय दिवस झाले, मला वासच नाय येत," तुम्ही म्हणालात. "तुझ्या आईला नको सांगू. कंपनीत कळलं तर मला गेटवर बसवतील."

दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या पिशवीतून, औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून, नव्या बॅचचं अल्कोहोल घरी यायला लागलं. मी थेंब तळहातावर चोळायची आणि सांगायची, कुजकट आहे की स्वच्छ. सकाळी जाऊन तुम्ही तेच साहेबांना सांगायचात. असं दोन वर्षं चाललं. माझी एकही बॅच गिऱ्हाइकाकडून परत आली नाही, याचाच मेला मला अभिमान.

मग रुमालावर रक्त दिसायला लागलं. नाशिकच्या डॉक्टरांनी विचारलं, वास कधीपासून येत नाही. तुम्ही म्हणालात, "झाले असतील दोन महिने." आईलाही तुम्ही तेवढंच सांगितलं होतं, तिने मान डोलावली. मी तुमच्या शेजारीच उभी होते, आणि गप्प होते. नाकाच्या पोकळीतली गाठ तोवर डोळ्यापर्यंत पोचली होती. वास गेला तेव्हाच यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या दिवसांत तुमचा चेहरा अर्धा उरला होता. कंपनीतून एक हार आला. जहाल ॲसिडच्या त्या जुन्या पद्धतीत कामगारांना हाच आजार होतो, हे मी एम.एस्सी.ला असताना वाचलं आणि पुस्तक मिटून रडले. कंपनीचा राग मला आजही येतो. तुमचाही येतो.

हे पत्र वहीतच राहील. आईलाही दाखवणार नाही. आजार फार झपाट्याने वाढला, असं ती अजून सगळ्यांना सांगते. तुम्हाला दिलेला शब्द मी पाळला, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले, पण ते काही खरं नाही. कंपनीतून आल्यावर तुम्ही आईच्या आधी मला हाक मारायचात, हळू आवाजात, आणि मी काय सांगते याची वाट बघत समोर बसून राहायचात. ते थांबू नये, असं मला वाटत होतं.