तिचा अर्ज मी तीनदा अडवला

बाई,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी वर्गात तुमच्याविषयी पुष्कळ बोलले, कॉलेजच्या अंकात एक लेखही लिहिला. पण तुम्हालाच काही लिहावं म्हणून बसले की तुमच्या शेजारी ती येऊन बसते, आणि माझा हात थांबतो. ती म्हणजे तुमची दुसरी विद्यार्थिनी. पहिली मी. हा क्रम माझा मीच लावलेला, तुम्ही कधी तसं म्हणाला नव्हतात. पन्नाशी उलटली तरी तो मनातून जात नाही. गेल्या काही महिन्यांत मी तिच्याशी जे वागले ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि तुमच्याशिवाय ते कुणाला कळणार नाही.

दवाखान्याची ती मागची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. शाळेतून निवृत्त झाल्यावर तुम्ही तिथं मनाच्या आजारानं खचलेल्या माणसांसाठी चित्रांचा वर्ग सुरू केला होता. पत्र्याचं छत, उन्हाळ्यात अंगाची लाही व्हायची, खिडकीला ओला टॉवेल टांगलेला, आणि लांब बाकावर खडूंचे डबे. मी मानसशास्त्रात एम.ए. करत होते. माझ्याकडं वही होती, प्रश्नावली होती, आणि आपण सोलापुरात काहीतरी नवं करतोय याचा माज होता. ती पूर्व भागातली. वडील पॉवरलूमवर चादरी विणायचे, घरात तेलुगू बोलायचे, आणि ती चित्रकलेच्या शिक्षकाचा डिप्लोमा करत होती. मानसशास्त्राचं एक पान तिनं वाचलेलं नव्हतं. ती नुसती शेजारी बसायची, स्वतःच्या कागदावर काहीबाही रेघा ओढायची. माणसं माझ्यावरून पुढं जाऊन तिच्या बाजूला बसायची. मी ते मोजायची, बाई. आज तिच्याकडं चार, माझ्याकडं एक. आणि तुम्ही दारातून आत आलात की आधी तिच्या बाकाकडं बघायचात.

मैंदर्गीचे अण्णा तुम्हाला आठवत असतील. बायको गेल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं होतं. मुलगा दर शनिवारी त्यांना मोटरसायकलवर आणून सोडायचा. दोन महिने त्यांनी एकच चित्र काढलं, बंद दार. मी त्या दाराविषयी वहीत सात पानं लिहिली. मग एका शनिवारी मी बसच्या गर्दीत अडकून उशिरा आले, तर अण्णांच्या कागदावर दार उघडं होतं आणि उंबऱ्यात एक बाई मांडीवर सूप घेऊन बसली होती. चेहरा काढला नव्हता, पण हातातल्या बांगड्या एकेक करून काढल्या होत्या. अण्णांच्या शेजारी बसून ती, तुमची दुसरी विद्यार्थिनी, गप्प रडत होती. मला अण्णांसाठी आनंद व्हायला हवा होता. मला एवढंच वाटलं, की माझ्यासमोर का नाही काढलं?

पुढच्या मंगळवारी तुमच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं होती. मी अण्णांचं ते चित्र बाहेर काढलं, रंगीत झेरॉक्स करून आणली आणि मूळ कागद परत ठेवला. पुण्याच्या परिसंवादात मी त्यावर निबंध वाचला. 'माझ्या सत्रात रुग्णाने प्रथमच...' असं वाक्य होतं त्यात. टाळ्या पडल्या, निबंध पुस्तिकेत छापून आला, चित्रासकट. ती पुस्तिका घेऊन मी नाचत तुमच्या घरी आले.

तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटताय. हात पदराला पुसून पुस्तिका घेता, ते पान बराच वेळ बघता. मी कौतुकाची वाट बघत ओट्याला टेकून उभी आहे.

"छापलंय छान," तुम्ही म्हणता. "अण्णांना विचारलंस?"

"नाव कुठं टाकलंय बाई? नुसतं वय आणि गाव आहे."

"मैंदर्गीत त्या वयाचे, बायको गेल्यापासून न बोलणारे किती जण आहेत ग?"

मी पुस्तिका परत घ्यायला हात पुढं करते.

"आणि हे चित्र तुझ्यापुढं काढलं त्यांनी?"

तुम्ही आवाज चढवला नाही. म्हणालात, "त्यांनी ते आपल्याकडं ठेवायला दिलं होतं. आपल्याला दिलं नव्हतं. एवढा फरक कळत नसेल तर त्या खोलीत येऊ नकोस."

आणि मी काय बोलले ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी म्हटलं, "तिनं केलं असतं तर तुम्ही असं बोलला नसतात." तुम्ही परत बत्ता उचललात. "तिनं केलं नसतं," एवढंच म्हणालात. बाई, रागावण्याचं मला काही वाटलं नाही. पण ते एक वाक्य मी इतकी वर्षं बाळगलं आहे.

तुम्ही मला एकटीला मैंदर्गीला पाठवलंत. अक्कलकोटपर्यंत एसटी, पुढं जीप. अण्णांच्या सुनेनं घोंगडं अंथरलं. "या की, बसा. मामंजी कुणासंगट बोलत न्हाईत हो. लई दिस झालं," असं म्हणत तिनं चहा टाकला. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी झेरॉक्स आणि पुस्तिका त्यांच्यापुढं ठेवली, काय केलं ते सांगितलं. सून कानडीत त्यांना समजावत होती. शेवटी मी विचारलं, "पुस्तकात राहू दे का, अण्णा?" त्यांनी झेरॉक्स उचलली, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या खिशात ठेवली. मग माझ्याकडं सरळ बघून म्हणाले, "ब्याड." नको. त्या घरात कितीतरी दिवसांनी त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

मी निबंध मागं घेतला, आयोजकांना खरं कारण लिहिलं, मिळतील तेवढ्या पुस्तिका परत आणल्या. त्याची लाज होतीच. पण शनिवारी वर्गात मी हे सांगितलं तेव्हा तिनं माझी चूक ऐकलीच नाही. "अण्णा बोलले? खरंच बोलले?" म्हणत माझे दोन्ही हात धरले, आणि धावत तुम्हाला सांगायला गेली. तुम्ही दोघी खिडकीपाशी हसत उभ्या होतात. अण्णा बोलले होते माझ्याशी, आणि आनंद वाटून घेतला तुम्ही दोघींनी.

आता इकडचं सांगते. मी कॉलेजात शिकवते, आणि माणसांवर जे संशोधन होतं त्याला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीवर आहे. लोक मला कडक समजतात. तुमचं "विचारलंस?" मी प्रत्येक अर्जाला लावते. उन्हाळ्याच्या आधी एक अर्ज आला. वृद्धाश्रमातल्या, आठवण जात चाललेल्या आज्यांसोबत चित्रं काढायची आणि त्यानं त्यांची घालमेल कमी होते का ते बघायचं. बहुतेक आज्या विड्या वळून किंवा मागावर राबून म्हाताऱ्या झालेल्या, तेलुगू बोलणाऱ्या. अर्जाखाली तिचं नाव होतं. शाळेतली नोकरी सांभाळून ती या वयात पीएच.डी. करायला निघाली होती.

मी पहिली हरकत घेतली, की ज्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही त्यांची संमती कशी घेणार? हरकत रास्त होती. तिनं उत्तर दिलं, की घरच्यांची सही तर घेईनच, पण आजीलाही प्रत्येक वेळी नव्यानं, तिच्या भाषेत विचारीन, आणि आजीनं कागद बाजूला सारला तर त्या दिवशी काम बंद. चित्र आजीचंच राहील, ते छापणार नाही, फक्त काय दिसलं ते लिहीन. बाई, ते उत्तर वाचताना मला तुमचा आवाज ऐकू आला. आणि मला राग आला, की तुमचा आवाज तिच्याकडं कसा?

मग मी दुसरी हरकत घेतली, संमतीपत्राचं तेलुगू भाषांतर तपासून आणा. तिनं आणलं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, घाई काय आहे, पुढच्या बैठकीत बघू. समितीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. नियमांच्या बाबतीत माझ्यावर कोण शंका घेणार?

तीन महिन्यांनी ती माझ्या केबिनमध्ये आली. केस पांढरे झालेत तिचे, काठाची सुती साडी, खांद्याला दवाखान्यातल्या वर्गाच्या दिवसांतलीच वाटावी अशी कापडी पिशवी. भांडायला आली असेल असं मला वाटलं होतं.

"एका आजीचा उजवा हात गेला ग," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात झटका आला. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वहीवर मोर काढून दाखवला होता तिनं, चादरीवरचा. मी तिला म्हटलं, परवानगी येऊ दे आजी, मग रोज काढू. तिला आठवत नाही, ते एक बरं आहे."

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली. "तुझ्यावर राग नाही माझा. बाई असत्या तर त्यांनीही असंच तपासून घेतलं असतं. तू त्यांचा नियम धरलास."

त्याच दिवशी मी अध्यक्षांना लिहून दिलं, की अर्जदार माझ्या जुन्या ओळखीची आहे, या अर्जाबाबत माझं मत निःपक्ष नाही, मला यातून वगळा. माझ्याशिवाय बैठक झाली आणि अर्ज पंधरा मिनिटांत मंजूर झाला. ती आता दर शुक्रवारी तिथं जाते. त्या आजींना डाव्या हातात खडू धरून देते म्हणे. मी अजून बघायला गेलेले नाही. तिच्याभोवती त्या सगळ्या बसलेल्या मला बघवतील असं वाटत नाही.

पण हे सगळं सांगण्यासाठी मी आज बसले नव्हते. केबिनमधून निघताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "तुला म्हणून सांगते, मला तुझा हेवा वाटतो. अजून वाटतो. शेवटच्या दुपारी बाईंजवळ तू होतीस. मला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं."

त्या दुपारी तुम्हाला धाप लागली होती, तरी तुम्ही दोनदा विचारलंत, "तिला कळवलंस का?" मी म्हटलं, "हो बाई, निघालीय ती." तुम्हाला ठेवलं होतं त्या दवाखान्याच्या जिन्याखाली फोन होता. मी खुर्चीवरून उठले नाही. एक दुपार तरी तुम्ही माझ्या एकटीच्या असाव्यात असं मला वाटलं. तुम्ही दाराकडं बघत राहिलात, माझ्याकडं नाही.

केबिनच्या दारात तिला मी म्हटलं, "सगळं फार अचानक झालं ग." अठरा वर्षांपूर्वीही हेच म्हटलं होतं. खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं. तिचं घर इथून रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.