मेणनगरीचा पाचवा भाग

निफाड,
२० एप्रिल २००३

ती. छायाआत्यास,
सायलीचा सा. न. वि. वि.

बी.एस्सी.ची परीक्षा संपली, पेपर बरे गेले. तू विचारायच्या आत सांगून टाकलं, म्हणजे आता मी माझ्या विषयावर यायला मोकळी. ‘मेणनगरी’चा पाचवा भाग तुझ्या वाचनालयात आला का? प्रकाशकांनी आधी पाडवा सांगितला होता, आता म्हणे अक्षय्यतृतीया. बिचारी इरा चौथ्या भागाच्या शेवटी पेटता दिवा हातात घेऊन भुयारात उभी आहे, डोक्यावर अख्खं शहर मेणाचं, आणि लेखकमहाशय तिला तसंच उभं करून कुठे गेलेत देव जाणे. एव्हाना दिव्यातलं तेलसुद्धा संपलं असेल.

फोन करत नाही, कारण फोन बैठकीत आणि फोनपाशी बाबा.

माझ्यापेक्षा जास्त घाई आजीला झाली आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून या सुट्टीत चारही भाग मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. ती ते पोथीसारखं ऐकते. पाय धुऊन, पदर सारखा करून बसते आणि पुस्तक पाटावर ठेवायला लावते. भाग संपला की त्याला हळदकुंकू. मुखपृष्ठावरच्या चेटकिणीच्या कपाळालाही कुंकू लागलं आहे. पुस्तक वाचनालयाचं आहे हे मला ठाऊक आहे, तरी रागावू नकोस.

पुस्तक आल्याबरोबर पहिली प्रत माझी, एवढा लोभ असू दे.

तुझी,
सायली


नाशिक,
२७ एप्रिल २००३

चि. सायलीस,
छायाआत्याचे अनेक आशीर्वाद.

घोडी एवढी झालीस तरी मेणनगरीतली घुबडं बोलतात यावर तुझा विश्वास आहे, हे वाचून बरं वाटलं. इकडे सिंहस्थासाठी सगळे रस्ते उकरून ठेवलेत. वाचनालयाच्या दारातच हा मोठा खड्डा. माणसं त्यावरून उड्या मारून आत येतात आणि विचारतात काय, तर मेणनगरी आली का? मी सांगते, सध्या लग्नसराईत मेणबत्त्यांचा तुटवडा आहे, लेखकाला मेण मिळत नाहीये.

तुमच्या त्या पुस्तकात भविष्यवाणी आहे, शाप आहे, उडता नांगर आहे, फक्त स्वयंपाक कोण करतं ते कुठे नाही. चार भागांत इराने एक भाकरी थापलेली नाही, म्हणून तर तिला जग वाचवायला सवड मिळते. आणि मी हे वाचलंय का असं विचारू नकोस. पुस्तकाला कव्हर घालताना नजर पडतेच.

माझ्या आईला म्हणावं, कुंकू लावलंस ते लावलंस, आता निदान चेटकिणीला नैवेद्य दाखवू नकोस. पानांना मुंग्या लागतील.

खड्डा चुकवून कधी आलीस तर चहा मिळेल. माया आहेच, ती पत्रात किती लिहायची.

छायाआत्या


निफाड,
१२ मे २००३

ती. छायाआत्यास,
सायलीचा सा. न. वि. वि.

आत्या, थट्टा पुरे. वणीचं स्थळ आलं आहे. मुलाचं नाव ललित, पूजेच्या सामानाचं मोठं दुकान आहे. त्याचे वडील गोरक्षकाका आणि बाबा यांनी आपसात जवळजवळ ठरवूनच टाकलं आहे. सिंहस्थ लागला की वर्षभर लग्नाला मुहूर्त नाही, म्हणून त्याआधीच उरकायचं म्हणतात. माझ्या एम.एस्सी.चं विचारलं तर म्हणाले, लग्नानंतर शिकू देऊ.

मी बाबांना स्वच्छ सांगितलं की मला आता लग्न करायचं नाही, नाशिकला तुझ्याकडे राहून शिकायचं आहे. एकदा जेवताना सांगितलं, तर त्यांनी मीठ मागितलं. एकदा द्राक्षबागेत सांगितलं, तर ते फवारणीवर बोलले. एकदा रडून सांगितलं, तेव्हा आईला म्हणाले, पोरीला ऊन लागलंय, सरबत दे.

मग काल आजी बोलली. तिने बाबांना समोर बसवून सांगितलं की घरात पारायण चालू आहे, पोथी अर्धी टाकून मांडव घातला तर लय वाईट होतं. पाचवा भाग वाचून समाप्ती होईपर्यंत या घरात सुपारी फुटायची नाय. बाबांनी समजावलं की ही पोथी नव्हे, पोरासोरांची गोष्ट आहे. आजी म्हणाली की पाटावर बसवली, हळदकुंकू वाहिलं, आता ती पोथीच. आजीच्या नेमापुढे बाबांचं काही चालत नाही, ते तुला माहीतच आहे.

तेव्हा आत्या, आता मी रोज देवाला सांगते, पाचवा भाग येऊ देऊ नकोस. इरा राहू दे भुयारात. तिला तिथे सवय झाली असेल. मला फार भीती वाटते.

तुझ्या मायेवरच आहे.

सायली


नाशिक,
२५ मे २००३

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा दुपारी कोण खड्ड्यावरून उडी मारून आत आलं असेल? तुझे बाबा! रावजीदादाने जन्मात कीटकनाशकाच्या बाटलीवरच्या सूचना सोडून काही वाचलं नाही, आणि परवा माझ्या टेबलावर हात आपटून विचारतो, तो पाचवा भाग अजून का येत नाही? लेखकाने वेळ पाळायला नको का? त्याने पुण्याला प्रकाशकाला फोन केला होता. तिथल्या बाईंनी जूनच्या मध्यावर येईल असं सांगितलं, तर याने त्यांना विचारलं की नक्की मुहूर्त सांगा. प्रकाशनपूर्व सवलतीत तीन प्रती नोंदवून आला आहे. टपालात एक हरवली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. अख्ख्या महाराष्ट्रात मेणनगरीची एवढी वाट कोणी पाहत नसेल. माझे दप्तरवाले सभासद तोंड वासून त्याच्याकडे बघत होते.

आता हसून झालं. मलाही लग्नानंतर शिकू देणार होते, सायली. त्या घरात काढलेल्या वर्षांत कुणाला कधी चहा लागतो एवढंच मी शिकले, मग परत आले. त्या वेळी मला आणायला दादाच आला होता. बैलगाडीत शेजारी बसला आणि सगळ्या वाटेत पावसाबद्दल बोलला. माणूस वाईट नाही, त्याला ऐकू येत नाही एवढंच. कान चांगले आहेत तरी.

पुस्तक मी अडवू शकत नाही. प्रवेशाचा फॉर्म मात्र आणून ठेवला आहे.

धीर सोडू नये, ही माझ्याकडून सक्त ताकीद.

छायाआत्या


निफाड,
१८ जून २००३

ती. छायाआत्यास,
सायलीचा सा. न. वि. वि.

आलं. तिन्ही प्रती आल्या, एकही हरवली नाही.

माझा घसा लगेच बसला. तो खरंच बसला की नाही ते विचारू नकोस. बाबा म्हणाले, हरकत नाही, मी वाचतो, आणि पाटासमोर बसले. पहिल्या दिवशी सोसायटीची नोटीस वाचावी तसं वाचलं. दुसऱ्या दिवशी अडले, हे घुबड कुणाचं? आजीने त्यांना खुळ्यात काढलं आणि पहिल्या भागापासून सगळं सांगितलं. आता ते मार्केटमधून लवकर घरी येतात. काल वाचन चालू असताना आईने मिक्सर लावला तर केवढे ओरडले! पुढचं पान चोरून बघायला आजीची मनाई आहे, म्हणून शेतात हिंडत स्वतःशीच तर्क करत असतात.

सगळे इराच्या काळजीत आहेत. घरात अजून एक मुलगी आहे, तिचं काय होणार, हे कुणी विचारत नाही. थोडीच प्रकरणं उरली आहेत, ती रविवारपर्यंत संपतील असं धरून बाबांनी त्या दिवशी वणीच्या मंडळींना सुपारी फोडायला बोलावलं आहे.

आशीर्वाद जरा मोठे पाठव.

सायली


निफाड,
२४ जून २००३

ती. छायाआत्यास,
सायलीचा सा. न. वि. वि.

मोडलं!

वणीची मंडळी आली, पोहे झाले. शेवटची प्रकरणं राहिली होती, म्हणून आजीने सुपारी अजून फोडू दिली नव्हती. गोरक्षकाकांनी पाटावरचं पुस्तक बघून विचारलं की हे काय. बाबांनी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. त्यावर आपणही वाचणारे आहोत हे दाखवायला ललित पुढे सरकला आणि त्याने इराचं शेवटी काय होतं ते सांगून टाकलं. सगळं, दिव्यासकट.

आजीने कानावर हात ठेवले. बाबांचा चेहरा गारपिटीनंतर बाग बघावी तसा झाला. त्यांनी मंडळींना चहा दिला, जीपपर्यंत पोचवलं आणि परत येऊन आईला सांगितलं की ज्या माणसाला दुसऱ्याच्या गोष्टीचा शेवट पोटात ठेवता येत नाही, त्याच्या घरात माझी पोर नांदायची नाही. संध्याकाळी फोन करून नाही म्हणून कळवलं.

मला ललितची दया येते. बोलायला तसा बरा होता. मी इतकी रडले त्याने जे झालं नाही, ते त्याच्या एका वाक्याने झालं. मी खूप हसले, आत्या, आणि मग मला इतका राग आला की जेवले नाही. बाबा थांबले, पण माझ्यासाठी थांबले नाहीत.

तुझी,
सायली


नाशिक,
२९ जून २००३

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

नाहीच थांबला. माझा भाऊ मुलीसाठी नाही, मेणनगरीसाठी अडला. तुझा राग अगदी खरा आहे. तो नीट घडी घालून बॅगेत ठेव आणि इकडे घेऊन ये, इथे दोघी मिळून सावकाश रागावू. आधी फॉर्मवर त्याची सही घे. दारं चुकून उघडतात तेव्हा कारण विचारत उंबऱ्यात उभं राहू नये.

वाट बघते. प्रेम आल्यावर करीन.

छायाआत्या


निफाड,
९ जुलै २००३

चि. छायास,
रावजीचे आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे. वाचन मध्ये थांबलं होतं, काल पारायण पुरं झालं. आईने पुरण घातलं होतं. सोमवारी सायलीला घेऊन येतो. तिला एम.एस्सी.ला घालायचं मी ठरवलं आहे. फॉर्मवर सही केली. तुझ्याकडे राहील, तिच्याकडे लक्ष असू दे.

शेवट त्या पोराने फोडला होता, तरी त्याच्या आधीचं प्रकरण मला ठाऊक नव्हतं. त्यात इरा बापाला सांगते की मला पलीकडे जायचं आहे. तो वेशीचा पहारेकरी. लेक परोपरीने सांगते, रडते, आणि हा गडी आपला कुलूप तपासत बसतो. मला त्याचा एवढा संताप आला की पुस्तक मिटून मी ओट्यावर जाऊन बसलो. आईने हाक मारली तरी उठवेना. लेखक चांगला आहे, पण इथे त्याने जरा जास्तच केलं. असा बाप कुठे असतो?

आपली सायली मुखदुर्बळ. मनातलं तिने मला कधी सांगितलंच नाही. एकदा जरी तोंडाने बोलली असती, तरी मी नाही म्हटलं असतं का?

सोमवारी भेटू. मोठ्या भावावर लोभ आहे तसाच राहू दे.

रावजी