वाकडा गुडघा

हेनिंग्सवेर, ४ मार्च १९८४

चि. तूवास आत्याचे भरभरून आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगासाठी कॉड माशाची कलेजी आजच्या बोटीने पाठवली आहे. कच्ची कशी पाठवू गं? पाहुण्यांत नाव जाईल माझं! कांदा-मिरी घालून मस्त उकडली आहे, तुझ्या बाबाला आवडायची तश्शी. तो गेल्यापासून दोन हिवाळे तू इकडे फिरकली नाहीस. माझी फार चिडचिड होते.

तुझी आत्या, बोर्गहिल्ड

ट्रॉन्डहाइम, ९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

डबा उघडला आणि कपाळाला हात लावला! आमच्या सरांनी पाव बुडवून निम्मी संपवली. पण माझा प्रबंध अडला ना! हिवाळा सरून कॉड आपल्या किनाऱ्यावरून परत गेले की वर्ष वाया.

अगं, प्रत्येक पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. लोण्यातली चरबी सरळसोट, थंडीत अंगाला अंग लावून घट्ट होते. कॉडची चरबी जागोजागी वाकलेली, तिला दाटीवाटीने बसताच येत नाही. मध्ये जागा राहते, म्हणून बर्फाळ पाण्यातही आवरण मऊ राहतं. ते किती थंडीत ताठरतं, हेच मला बघायचंय. उकडल्यावर त्याची वाटच लागते!

आपला स्वयंपाकघरातला बाक आठव. बाबा अधू गुडघा वाकडा करून बसायचे, तू खेकसायचीस, पण त्यांच्यामुळेच बाकावर कुणी चेंगरायचं नाही. मी त्या फटीत घुसायचे. हे लिहिताना रडू आलं बघ.

कच्ची पाठव, बर्फात. राग नको, माया असू दे.

तुझी तूवा

हेनिंग्सवेर, १४ मार्च

चि. तूवास आशीर्वाद.

कच्ची नाही पाठवणार जा! बर्फ वाटेत वितळला तर पुन्हा माझ्याच नावाने बोंब. स्वतः येऊन ने.

बाबाची जागा मी रिकामी ठेवली आहे. तिथे कुणी बसू लागलं की ओरडते. घरातले बाकीचे कडेला दाटीने बसतात, भराभर जेवतात आणि उठून जातात. पूर्वी हसण्याने घर डोक्यावर घ्यायचे गं.

वाट पाहणारी आत्या

ट्रॉन्डहाइम, १९ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

शुक्रवारच्या बोटीने निघतेय. बर्फाची पेटी मी आणते, कलेजीला हात लावू नकोस. जेवायला मात्र वेगळी उकड, कांदा जास्त घाल.

आणि मला बाबांच्या जागी बसव. मी गुडघा वाकडा करून बसणार आहे. तू खेकस.

तुझीच, तूवा