उजव्या बाजूचं होल्स्टर

८ मार्च, शनिवार

माझ्या नेमबाजीला परीक्षित हो म्हणाला. एकदाचा! पण तोंड असं केलं, जणू मी त्याला कारल्याचा रस पाजलाय. अट एकच — "एक चूक, वल्लरी. एक जरी चूक झाली, तरी ती वस्तू घरातून बाहेर. मग चर्चा नाही." 'ती वस्तू' म्हणतो! पिस्तूल हा शब्द माझ्या नवऱ्याच्या तोंडातून निघतच नाही. मी मान्य केलं. वर "प्रॉमिस" पण म्हटलं.

त्याचं अगदीच चुकतं असंही नाही. घरात आमची लेक अहिल्या आहे, चौदाची. तिच्या मैत्रिणी येतात-जातात. बातम्या तर बघायला नकोत अशा. पिस्तूल गॅरेजमधल्या तिजोरीत, कोड आम्हा दोघांनाच माहीत, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. तरी हा रोज जाऊन तिजोरीचं हँडल ओढून बघतो.

मग मला हे हवंय कशाला? नागपूरहून इथे अमेरिकेत आल्या आल्या आईनं तेच विचारलं. "काय गं बाई, या वयात बंदूक?" तिला काय सांगू! ऑफिसच्या लोकांबरोबर सहज शूटिंग रेंजवर गेले होते. त्या तासाभरात डोक्यात ना मॅनेजर, ना लेऑफ, ना संध्याकाळची भाजी. समोरचा ठिपका आणि मी. कॉलेजात एनसीसीत रायफल धरली होती तेव्हा असं व्हायचं. त्यानंतर कधीच नाही. इतक्या वर्षांत ही एकच गोष्ट फक्त माझी आहे. मला ती सोडायची नाही.

१२ मार्च, बुधवार

मे महिन्यात शूटिंग क्लबची मॅच. कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढायचं, चालत-थांबत टारगेट मारायची, वेळ मोजतात. आधी सेफ्टी क्लास पास व्हावा लागतो. म्हणजे सामान घ्यायला हवं — होल्स्टर, कडक पट्टा, गोळ्यांची मॅगझिन ठेवायचे दोन पाऊच, चष्मा, कानाचे मफ.

होल्स्टर ऑनलाइन मिळालं. कापडी, कुठल्याही पिस्तुलाला चालतं, उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना लागतं. स्वस्तात मस्त! मागवलं.

१५ मार्च, शनिवार

कसलं मस्त. कॅरलनं बोटांच्या चिमटीत धरून परत दिलं, उंदीर धरावा तसं. कॅरल म्हणजे क्लबमध्ये नवशिक्यांना शिकवणारी, एरवी वकील, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची सोय नाही. पिस्तूल काढलं की कापडी होल्स्टरचं तोंड मिटतं. मग परत ठेवायला दुसऱ्या हातानं उघडावं लागतं, आणि तो हात नळीसमोर येतो. "नो वे," म्हणाली.

टणक प्लास्टिकचं हवं, माझ्याच मॉडेलच्या मापाचं, ट्रिगर पूर्ण झाकणारं. पट्टेही दोन — एक आतला, एक त्यावर चिकटणारा, म्हणजे होल्स्टर तसूभर हलत नाही. आमच्या घरी सगळ्यांना सगळं चालेल असंच आणायची सवय. एकच कुकर, एकच छत्री. इथे तसं चालत नाही.

२२ मार्च, शनिवार

ऑर्डर केलं! मॉडेल निवडलं, रंग काळा. मग साइट विचारते — राइट हँड की लेफ्ट हँड? राइट. यात विचार कसला करायचा!

३० मार्च, रविवार

पाडवा. डेकवर गुढी, थंडी अशी की कडुलिंबाबरोबर दात वाजत होते. आईनं प्रसाद पुढे केला, मी हात केला, तर तिनं मनगटावर चापट मारली. "उजवा!" अहिल्या फिदीफिदी हसली. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला प्रसाद घ्यायला शिकवतेय! उत्साहात होतं असं कधीकधी.

दुपारी आईच्या हातून परत कप फुटला. बाबा तिला धांदरट म्हणायचे. आज मीच म्हणाले. बिचारी झाडू घेऊन आली.

५ एप्रिल, शनिवार

होल्स्टर आलं. सुंदर दिसतं! पिस्तूल आत बसलं की टिक्‌ असा आवाज येतो. उजवीकडे होल्स्टर, डावीकडे पाऊच. बेसमेंटमध्ये सराव — रिकामं पिस्तूल, तपासून, परत तपासून. पण हात अडतो. पकड चुकते, मग सावरावी लागते. एनसीसीतही सर म्हणायचे, "तुझा हात असा उसना आणल्यासारखा का चालतो गं?"

परीक्षित जिन्यात उभा राहून बघत होता. मी बघितल्यावर वर गेला. दडपण येतं! सरावानं जमेल. जमायलाच हवं.

१२ एप्रिल, शनिवार

झाली. झाली चूक.

लिहायलाही नको वाटतंय. पण इथे नाही लिहिणार तर कुठे?

सेफ्टी क्लास. पिस्तुलं रिकामीच होती, देवाची कृपा. पहिल्या दोन वेळा हळू काढलं, ठीक. मग कॅरलनं टायमर लावला. "आर यू रेडी? स्टँड बाय—" बीप झाला आणि माझा डावा हात आपला आपण झेपावला! पोटावरून आडवा, होल्स्टरकडे. तोवर उजव्यानं पिस्तूल काढलेलं. नळी माझ्याच डाव्या तळव्यावरून फिरली.

"स्टॉप!"

मॅचमध्ये असतं तर तिथल्या तिथे बाद. गोळी असती तर — नको. कॅरल ओरडली नाही. पिस्तूल काढून घेतलं, बाजूला नेलं, आणि बोलता बोलता किल्ल्यांचा जुडगा अंगावर फेकला. मी झेलला. डाव्या हातानं. मग हातांचा त्रिकोण करून लांबची पाटी बघायला लावली, एकेक डोळा मिटून. नेम धरणारा डोळाही डावा!

"हू टोल्ड यू, यू आर राइट-हँडेड?"

"माय मदर," म्हटलं.

गाडीत बसल्यावर आठवलं. शाळेची लाल रिबीन. जेवताना, पाटीवर लिहिताना आई माझा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायची. "देवाधर्माचा हात उजवा! वाईट खोड आहे ही, मोडायलाच हवी." मोडली म्हणे! जित्याची खोड ती. मी विसरले, हात विसरला नाही. पार्किंगमध्ये हमसाहमशी रडले. राग कोणाचा आला तेही कळेना.

१३ एप्रिल, रविवार

"कसा झाला क्लास?" परीक्षितनं विचारलं.

"छान."

खोटं बोलले.

१५ एप्रिल, मंगळवार

परीक्षितनं सकाळी तिजोरीचं हँडल ओढलं, मला ऐकू आलं. तो त्याचा शब्द पाळतोय. आणि मी? न सांगता डावं होल्स्टर मागवलं तर कोणाला कळेल? कोणालाच नाही. पण असं लपवून हे माझं कसं राहणार? आई दोनदा म्हणाली, "जेवत का नाहीस नीट?"

१६ एप्रिल, बुधवार

सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर, म्हणजे माघार नको.

परीक्षितनं घास खाली ठेवला. चिडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "ठरलं होतं आपलं."

"अरे, पण मी डावखुरी आहे!"

"आणि हे तुला आज कळतंय?"

"हो! आज कळतंय! लहानपणी हात बांधून ठेवला होता माझा—"

बोलून गेले आणि आईकडे बघितलं. ती ताटं गोळा करून उठली. सिंकमध्ये काहीतरी फुटलं.

"शनिवारी दुकानात परत देऊन ये," परीक्षित म्हणाला. "मला तुला गमवायचं नाहीये, वल्लरी. एवढंच आहे माझं." प्रॉमिस मीच केलं होतं.

१८ एप्रिल, शुक्रवार

सगळं बॅगेत भरलं. पट्टा, पाऊच, मफ. कॅरलचा मेसेज — तिच्या ओळखीच्या एकाचं जुनं डाव्या बाजूचं होल्स्टर आहे, माझ्याच मॉडेलचं. उद्या क्लबवर ये, घालून बघ. परीक्षितला दाखवला. वाचून फोन परत दिला. मी कॅरलला उत्तर दिलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी पोहे. आईनं बशी पुढे ओढली आणि चमचा डाव्या हातात घेतला. सराईतपणे! एक पोहा सांडला नाही. अहिल्या ओरडली, "आजी, यू आर अ लेफ्टी!"

आई परीक्षितकडे बघत म्हणाली, "परीक्षितराव, चूक झाली की घराबाहेर, असंच ना? मग चूक माझी आहे. हिचा हात मी बांधला. माझा माझ्या आईनं बांधला होता. नागपूरचं तिकीट काढा माझं."

आणि परत खायला लागली. डाव्या हातानंच.

मग परीक्षित उठला, माझी बॅग उचलली, गाडीची किल्ली घेतली.

"आधी कॅरलकडे," म्हणाला.