रसवंतीचे रोलर आणि कंपनीचा शिक्का

४ मे, कोरेगाव
सांगलीचं हॉस्टेल सोडून घरी. मेकॅनिकल, तिसरं वर्ष संपलं आणि इंटर्नशिपचा पत्ता नाही. चार आठवडे काम केल्याचं सर्टि. आणि रिपोर्ट जूनमध्ये द्यायचाय. नाही दिला तर बॅकलॉग, आणि बॅकलॉग असला की कॅम्पस मुलाखतींना बसू देत नाहीत. एकवीस मेल केले. उत्तरं दोन, दोन्ही आपोआप आलेली.

७ मे
सातारा एमआयडीसी. तीन ठिकाणी वॉचमनपर्यंतच मजल. चौथ्या ठिकाणी साहेबांनी निदान बसवलं. "मुलींना शॉपफ्लोअरवर नाही ठेवत आम्ही. ऑफिसात डेटा एंट्री कराल?" मग कॉलेजात तीन वर्षं लेथ काय शोभेला दाखवला? विचारलं नाही. "बरं" म्हणून आले. डोकं फिरलंय.

९ मे
मामा आला. सांगलीत त्याच्या ओळखीची कंपनी आहे, न जाता सर्टि. देतात. "शिक्का मिळतोय न्हवं? मग उन्हातानात कशाला करपतीस?" वर्गातल्या निम्म्यांनी हेच केलंय. मी तावातावाने नाही म्हणाले.

१२ मे
स्टँडमागे नजीरभाईंचं लेथचं वर्कशॉप. सीझन रसवंतीचा, दारात झिजलेल्या रोलरांचा ढीग. काम शिकवाल का, विचारलं. "पगार न्हाई मिळायचा. आन् हात लय काळं व्हत्यात." मग म्हणाले, उद्या ये.

१६ मे
घोळ. भाई सुतात मोजतात, मी मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीच्या वर. बुशचं, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्याचं, भोक दीड सूत वाढव म्हणाले, मी दीड मिमी वाढवलं. शाफ्ट आत जाईना. वाटलं, आता हाकलतात. "कमी काढलीस म्हणून वाचलीस. जास्त काढल्यालं परत चिकटवायचं कसं?" बुश परत लेथवर चढवायला लावला. शाफ्ट बसला एकदाचा.

२४ मे
रसवंतीवाला रोलर न्यायला आला. "ह्यो कुणी केला?" भाई म्हणाले, "ह्या पोरीनं." लय भारी वाटलं, उगाच खोटं कशाला लिहू.
घरी आले तर मामाचा मेसेज. सांगलीच्या कंपनीचं सर्टि. आलं, आणि त्याने परस्पर कॉलेजच्या सरांना पाठवूनही दिलं. मला विचारायचं तरी.

३० मे
सरांना वर्कशॉपचे फोटो पाठवले, मग फोन करून खरं सांगितलं. ते सर्टि. रद्द करा, मी भाईंकडे काम करतेय.
"त्यांची नोंदणी आहे? लेटरहेड?"
काही नाही. साधा शिक्काही नाही.
"मग नाही चालणार. तुझं सर्टि. आलंय, विषय मिटला. फोटो वर्कशॉपचेच लाव, चांगले आहेत. पाटी तेवढी काप."
सरांचा राग आला, मामाचा आला. सगळ्यात जास्त माझा, कारण फोन ठेवताना मी "थँक यू सर" म्हणाले.

९ जून
चार आठवडे पुरे. निघताना भाईंनी विचारलं, "तुज्या त्या रिपोर्टात माजं नाव कुठं येतंय गं? नातवाला दावीन म्हणतो."
"येईल की," म्हणाले.
परवा रिपोर्ट द्यायचाय. सव्वीस पानं झाली. एकूण एक काम भाईंकडचं. फोटो अजून कापलेले नाहीत. पहिल्या पानावर कंपनीच्या नावाची ओळ आहे, ती तेवढी भरायची राहिलीय.