गिऱ्हाईकाची घुरघुर

४ मार्च, सोमवार
दुरुस्तीला एक पंप आला, खोक्यासकट. खोकं उघडलं तर पंपाच्या शेजारी चिंध्यांत मांजराचं पिल्लू. पंपवाला म्हणाला, शेठ, ते पंपावर फ्री. आमचा वाइंडर, म्हणजे मोटारींना तार भरणारा कारागीर, खो खो हसला. मी हसलो नाही. फुकटातला माल शेवटी महागात पडतो, हे मी फुटपाथवर बसून पंखे दुरुस्त करायचो तेव्हापासून जाणतो.
ठराव: पिल्लू पाळायचं नाही. रविवारी कुणाला तरी देऊन टाकायचं. नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलं की माणूस गुंतला. तूर्त ‘गिऱ्हाईक’ म्हणू. गिऱ्हाईक येतं, काम झालं की जातं.

५ मार्च
गिऱ्हाईक माझ्याआधीच पलंगावर. पलीकडच्या उशीवर. ही गेल्यापासून ती उशी कुणी वापरली नव्हती. नुसती पडून खराब होण्यापेक्षा वापरात आलेली बरी. उशीच्या दृष्टीने बोलतोय.
लेकीचा फोन. रोज करते बिचारी, तिला तिकडे करमत नसावं. पिल्लाचं सांगितलं. म्हणाली, बरं झालं बाबा, तुम्हाला सोबत झाली. मी म्हटलं, सोबत कसली, मला इथे मान वर करायला फुरसत नाही. मग फुरसत नसल्याचं पाऊण तास सांगत बसलो.

७ मार्च
आज गिऱ्हाईकाच्या छातीला कान लावला. काय घुरघुर! नवं बेअरिंग, ताजं ग्रीस, खरखर नाही, धडधड नाही. असा आवाज आजकाल कंपनीच्या मोटारीलाही नसतो. वाइंडरला ऐकवला. म्हणाला, शेठ, वॉरंटी देऊन टाका.
माझी अख्खी जिंदगी या कानांनी उभी केली. बाकीचे आधी खोलतात मग बघतात. मी आधी ऐकतो. खोलायची वेळच येत नाही बऱ्याचदा.

१० मार्च, रविवार
गिऱ्हाईकाला घर बघायचं होतं. पण आज सगळी दुकानं बंद. कुणाला विचारणार? पुढच्या रविवारी नक्की.
दुपारी बुटाच्या नाडीशी खेळलं. म्हणजे मीच नाडी ओढत होतो. व्यायाम दोघांनाही हवाच.

१२ मार्च, सकाळ
बशीत दूध तसंच. काल संध्याकाळचंही तसंच. पोट बिघडलंय, दोनदा पुसलं. जिन्यात वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई भेटल्या. भाऊ, पिल्लू मलूल दिसतंय, दाखवून आणा कुणाला. मी म्हटलं, वहिनी, मलूल नाही, शांत आहे. घरात कुणीतरी शांत नको का? त्या म्हणाल्या, तुमच्या घरात अजून किती शांतता हवी? बाई चांगल्या आहेत, पण जीभ कात्रीसारखी.
कान लावला. घुरघुर चालू. विषय संपला. ज्या मोटारीचा आवाज चांगला, तिला हात लावायचा नाही. धंद्यातला पहिला नियम.

१२ मार्च, संध्याकाळ
गिऱ्हाईक दिवसभर एका जागी. नाडी ओढली, बघितलंसुद्धा नाही. वयात येत असावं.

१३ मार्च, सकाळ
लेकीने फोनवर उलटतपासणी घेतली. कुठेतरी वाचून बसली होती.
खातंय का? म्हटलं, मर्यादेत.
म्हणजे किती? म्हटलं, अजिबात नाही.
हिरड्या कशा आहेत? ओठ उचलून बघितलं. म्हटलं, फिकट गुलाबी. फिकट होत्या. गुलाबी मी माझ्याकडून घातलं.
मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच खाली बसते का? बसली. सावकाश बसली, पण बसली.
मग मीच म्हटलं, थांब, आणि फोन सरळ पिल्लाच्या छातीवर धरला. ऐक! ती ओरडली, बाबा, आवाज नका ऐकवू, डॉक्टरकडे न्या! आजच! म्हटलं, नेतो. ‘आजच’ वर मी काही बोललो नाही.
या पोरीला मोटारीतलं पहिल्यापासून काही कळत नाही. आईवर गेली.

१३ मार्च, संध्याकाळ
डॉक्टरकडे जायचं राहिलं. तीन पंप अर्जंट होते. खरं म्हणजे एकच होता, पण हट्टी होता.
पिल्लाचे कान आणि पाय गार लागले. हे चांगलं लक्षण. मशीन तापलं की बिघाड, गार राहिलं की निर्धास्त.
तरी शाल पांघरली. मलाच बघून थंडी वाजत होती.

१४ मार्च, सकाळ
उठलो तर गिऱ्हाईक तोंड उघडं टाकून श्वास घेतंय. पोट भात्यासारखं वरखाली. कान लावला. घुरघुर होती. पण त्या घुरघुरीखाली अजून एक आवाज होता. तो मला ओळखता आला नाही. असं आजवर झालेलं नाही.
शिंपीणबाईंना हाक मारली. आल्या, बघितलं, म्हणाल्या, भाऊ, शर्ट उलटा घातलाय, असू द्या, निघा. स्कूटरवर त्या मागे, मांडीवर शालीत पिल्लू. सगळे सिग्नल लाल.
डॉक्टर तरुण मुलगी. हातात घेतल्या घेतल्या आत हाक मारली, हीटर लावा, ऑक्सिजन लावा. मग मला विचारलं, कधीपासून खात नाही? म्हटलं, परवापासून. मग इतके दिवस? म्हटलं, घुरघुर चालू होती ना.
ती रागावली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, काका, मांजराला दुखत असलं, ते घाबरलं असलं, तरीही ते घुरघुरतं. स्वतःचीच समजूत काढत असतं. आवाजावर जायचं नाही. एवढ्याशा जिवाने एक दिवस खाल्लं नाही, तरी त्याच दिवशी आणायचं. अंग गार, हिरड्या पांढऱ्या, तोंडाने श्वास, यातलं एक जरी दिसलं तरी हातातलं काम टाकून निघायचं.
म्हटलं, लक्षात ठेवतो. शिंपीणबाई भिंतीकडे बघत होत्या.
नाव काय, विचारलं. म्हटलं, नाव नाही, ते माझं नाहीच तसं. पाहुणं आहे.

१४ मार्च, संध्याकाळ
दिवसभर तिथल्या बाकावर बसलो. डॉक्टर दोनदा म्हणाली, काका, घरी जा, फोन करू. म्हटलं, इथे बसून माझी बरीच कामं होतात. समोरच्या माणसाच्या कुत्र्याशी गप्पा मारल्या.
जाळीतून बघितलं. सलाईन लावलंय. सुई पिल्लाच्या पायाएवढी.
ठराव: घरी आलं की नाव ठेवायचं. रविवार रद्द. कायमचा. दूध बंद, डॉक्टर सांगेल तेच खाणं. दर महिन्याला तपासणी. खिडकीला जाळी बसवायची, स्वतः बसवणार, दुसऱ्याच्या कामावर माझा भरवसा नाही. लेकीला सांगायचं, सोबत झाली.
नावं काढून ठेवली. तीन आवडली. आल्यावर हाक मारून बघू, कशाला कान हलवतं.

१५ मार्च
सकाळी फोन आला. गिऱ्हाईक गेलं.
दुकानामागे वाइंडरने खड्डा केला. शालीसकट ठेवलं. वाइंडर म्हणाला, शेठ, आज बंद ठेवू या. म्हटलं, एका पिल्लासाठी शटर ओढलं तर लोक हसतील. आणि म्हटलं, बघ, वॉरंटीतच गेलं. तो हसला नाही. कारागीर चांगला आहे, विनोद कळत नाही.
शिंपीणबाईंनी डबा पाठवला. झाकून ठेवलाय.
लेकीचा फोन. सगळं सांगितलं, रंगवून सांगितलं. उलटा शर्ट, मागच्या सीटवर शिंपीणबाई, कुत्र्याशी गप्पा. हसून हसून ठसका लागला. ती हसेना. मग म्हणाली, बाबा, मी उद्या पहिल्या गाडीने येते. म्हटलं, वेडी का काय, मी एकदम मजेत आहे! म्हणाली, हो, ऐकू येतंय मला. म्हणूनच येते.
ठेवला फोन.
या पोरीपुढे हात टेकले. काळजी करण्यासारखं काय ऐकलं तिने? मी तर सगळा वेळ हसतच होतो.