दाखल्यावरचं वय

आबा, त्या सकाळी शेणघाण काढून मी हात धुतले होते आणि पहिली भाकरी थापत होते. तुम्ही दारातूनच म्हणालात, "भाकरी जास्त टाक. पाव्हणं येत्यात." मी विचारलं, "कुणाचं?" तुम्ही म्हणालात, "तुजंच." मला पंधरावं सरलं नव्हतं. येणारा माणूस एकोणतीसचा. चौथीत सुटलेल्या शाळेतून तुम्ही गुरुजींकडून माझ्या वयाचा दाखला आणलात, त्यावर अठरा पूर्ण. मांडवात माझ्या धाकट्या भावानं नवऱ्याचा कान पिळला, मानाचा शर्ट घेतला, सगळे हसले. पोलीस पाटीलही जेवून गेले.

माझे मालक वाईट नव्हते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, अजून संध्याकाळी दोघांचा चहा ठेवते आणि मग एक कप परत ओतते. पण लग्नानंतरची पहिली दोन वर्षं अंगणात त्यांच्या चपला वाजल्या की माझ्या हातातलं भांडं पडायचं. हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

आता तुमच्या धाकट्याचं ऐका. त्याची लेक बारावीसाठी माझ्याकडे सोलापुरात होती. अठराला चार महिने कमी. आमच्याच बोळातला एक मुलगा, एकोणीसचा, आयटीआयला जाणारा. दोघं सात रस्त्याजवळच्या वाचनालयात अभ्यासाला बसायची आणि परत येताना तो दहा पावलं मागं चालायचा, कुणी बोट दाखवू नये म्हणून. धाकट्यानं तिला तिशीतलं स्थळ बघितलं, तशी ती त्या मुलाबरोबर मोहोळला त्याच्या मावशीकडे गेली. तिसऱ्या दिवशी पोलीस दोघांना घेऊन आले. मुलगा आता पोक्सो कायद्याखाली तुरुंगात आहे. "मीच त्याला चल म्हणाले," असं ती सगळ्यांना सांगते, पण ते कुणी लिहून घेत नाही.

आज धाकटा माझ्या स्वयंपाकघरात बसला होता. "आक्का, उद्या तुजा जबाब हाय. फूस लावून नेली, एवढंच सांग."

"तिला इचारलंस का?"

"बारकी हाय ती. तिला काय कळतंय?"

"मग त्या तिशीतल्या बाप्याला बारकीच दाखवलीस व्हय?"

"अठरा झाल्यावरच बार उडवणार हाय की. कायद्यानं." त्यानं तिचा जन्मदाखला प्लॅस्टिकमध्ये घालून आणला होता. "आन त्या पोराची जात बगितलीस का तू?" असं म्हणून त्यानं चटणी मागितली. मी वाढली. वाढताना मला त्याच्या हाताची किळस आली, आबा. हात तुमच्यासारखाच आहे.

वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी वाचन टिकवलं, तसा हा कायदाही वाचला. अठराच्या आतल्या मुलीचा होकार तो धरतच नाही, मग समोरचा एकोणीसचा असो की एकोणपन्नासचा. लेकरांना वाचवायला केलाय, ते खरं. मला तो हवा होता. पण मला वाचवायचं होतं तेव्हा तुम्ही माझं वय वाढवून आणलंत आणि आता तुमचा मुलगा एका पोराला आत ठेवायला लेकीचे दिवस मोजतोय. दोन्ही वेळा तोंडात शब्द एकच, घराची अब्रू. थुंकावंसं वाटतं.

एवढं लिहिलं, पण एक गोष्ट टाळत आले. तिनं मोहोळहून मला विश्वासानं फोन केला होता, "आत्या, काळजी करू नको." धाकट्याला पत्ता मी दिला. रागावेल, घेऊन येईल, एवढंच वाटलं, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे लोक काय म्हणतील याला मी भ्याले.

पत्र कुठं टाकू? तुम्ही आता नाही, आणि होता तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं धाकटाच वाचून दाखवायचा.

म्हणून कागद तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. ती स्वतःच्या पायानं गेली आणि पत्ता मी दिला, असं सांगितलं. लिहिलेला जबाब मागून घेऊन वाचला. त्यात 'फूस लावून' असं होतं, ते खोडायला लावलं आणि मग सही केली.